लगाम सगळ्यात शेवटी



मी निवृत्त फौजी माणूस. तीस वर्षांहून थोडी जास्त नोकरी झाली, आणि त्यातली बरीचशी आर्मी सर्व्हिस कोअरच्या ॲनिमल ट्रान्सपोर्टमध्ये. म्हणजे खेचरं. जिथे ट्रक पोचत नाही तिथे रेशन, रॉकेल आणि दारूगोळा पाठीवर घेऊन जाणारी खेचरं. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, आताचा मुक्काम महूला. मला बोलवणाऱ्यांची अपेक्षा अशी असणार की हे गृहस्थ सीमेवरच्या गोष्टी सांगतील. पण आज मी नॉर्वेतल्या एका घोडीबद्दल बोलणार आहे, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. ती चूक अनुभव नसल्यामुळे झाली नाही, अनुभव असल्यामुळे झाली. म्हणून ती सांगण्यासारखी आहे.

माझी मुलगी आणि जावई पश्चिम नॉर्वेत राहतात, नूरफ्योर्ड भागात. जावई जलविद्युत क्षेत्रात इंजिनिअर आहे. डोंगराच्या दोन उभ्या भिंतींमध्ये समुद्र आत शिरलेला, काठाला चिंचोळी शेतं आणि पाऊस आपल्या महाबळेश्वराची आठवण करून देणारा. या भागातला घोडा म्हणजे फ्योर्ड घोडा, त्यांच्या भाषेत फ्योर्डिंग. जवळच्या नूरफ्योर्डाइड गावात या जातीसाठी एक राष्ट्रीय केंद्रही आहे.

हा घोडा एकदा पाहिला की विसरत नाही. उंची साधारण 135 ते 150 सेंटिमीटर, वजन चारशे ते पाचशे किलो, मान जाड, पाठ गोल. रंग बहुतेकांचा फिकट बदामी. कपाळापासून शेपटीपर्यंत मधोमध एक गडद रेघ जाते, आणि पायांवर कधीकधी झेब्र्यासारखे पट्टे असतात. आयाळीचे मधले केस काळे आणि दोन्ही बाजूंचे पांढरट. ही आयाळ आखूड कापून कमानीसारखी ठेवतात आणि बाजूचे पांढरे केस थोडे जास्त खाली घेतात, म्हणजे मधली काळी पट्टी उठून दिसते. मुलीच्या घोडीची ही हजामत दर चार-सहा आठवड्यांनी होते. माझी कटिंग इतकी नियमित कधी झाली नाही, नोकरीतसुद्धा.

जात जुनी, पण एकदा हातची जाता जाता वाचली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोडा मोठा आणि जड व्हावा म्हणून तिकडच्या लोकांनी डोले जातीशी संकर केला. संतती मनासारखी निघाली नाही; रंग गेला, स्वभाव गेला. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ठरवून संकरित वळू घोडे पैदाशीतून काढून टाकले आणि शुद्ध राहिलेल्यांवर जात पुन्हा उभी केली. आजचे सगळे फ्योर्ड घोडे 1891 साली जन्मलेल्या न्यॉल नावाच्या एका घोड्यापर्यंत मागे नेता येतात. पुढे ट्रॅक्टर आला आणि शेतातलं काम गेलं. आता हा घोडा रपेटीला, मुलांना शिकवायला आणि गाडी ओढायला असतो.

मुलीने घेतलेल्या घोडीचं नाव रूना. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिच्याबरोबर तिचा पासपोर्ट आला. हसू नका, तिकडे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो आणि मानेत मायक्रोचिप. मला व्हिसावर सहा महिन्यांत नव्वद दिवस मिळतात. रूना कायमची रहिवासी.

पहिल्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा मी तज्ज्ञाच्या थाटात पागेत शिरलो. खरारा हातात घेतला, खूर उचलून पाहिले, दात पाहिले. जावई कौतुकाने बघत होता. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. या आजी सत्तरीच्या. त्यांचा जन्मच फ्योर्ड घोड्यांत गेलेला. त्यांनी मला पहिल्याच दिवशी दोन गोष्टींवरून अडवलं.

पहिली खाण्यावरून. मी खिशातून गूळ काढला होता. आजी म्हणाल्या, नको. हा घोडा शतकानुशतकं खडकाळ जमिनीवरच्या थोड्या गवतावर जगलेला आहे, भरल्या कुरणात सोडला की फुगतो. आणि फुगला की खुरांच्या आतल्या भागाला सूज येते, चालता येत नाही, कधी जनावर उठतच नाही. म्हणून रूनाचं गवत ताणकाट्याला लावून मोजून देतात, दिवसाला सात किलोच्या आसपास, आणि वसंतात कोवळं गवत आलं की तिच्या तोंडाला चक्क मुसकी बांधून चरायला सोडतात. मळणीच्या वेळी बैलाला मुसकी बांधलेली मी लहानपणी पाहिली होती. पण तेव्हा धान्य वाचवायचं होतं, इथे जनावर.

दुसरी गोष्ट साजावरून. खेचराच्या पाठीवर ओझं लादणं मला झोपेत जमतं. गाडीला घोडा जोडणं हे निराळं शास्त्र आहे, आणि मी ते त्याच शास्त्राचं पुढचं पान समजत होतो.

थोडं साजाबद्दल सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. तोंडातलं कडियाळ, डोक्यावरचे पट्टे आणि डोळ्यांच्या बाजूची झापडं, हे सगळं मिळून लगाम. त्यापासून मागे चालकाच्या हातात येणाऱ्या लांब वाद्यांना मी आपल्या बैलगाडीचा शब्द वापरतो, कासरा. छातीवरून छातीपट्टा, त्याला दोन बाजूंनी ओढपट्टे, आणि ते गाडीला अडकवलेले. गाडी ओढली जाते ती यांच्यावर. घोड्याच्या दोन बाजूंना गाडीच्या दांड्या, त्या पेलायला पाठीवर एक छोटी गादी, खाली तंग, मागे शेपटीखालून दुमची. आणि मांड्यांच्या मागून एक आडवा पट्टा. बैलगाडीत उतारावर गाडीचा भार जुवावरून बैलांच्या मानेवर येतो. इथे तो या मागच्या पट्ट्यावर येतो. घोडा त्यावर बसल्यासारखा रेटून गाडी थोपवतो. जुन्या नॉर्वेजियन साजात खांद्यापाशी बूगत्रे नावाचा लाकडी भाग असतो आणि दांड्या त्यालाच जोडतात. आजींच्या गोठ्यात भिंतीवर तो अजून टांगलेला आहे.

फ्योर्ड घोड्याला साज घेताना अंगाची मापं घ्यावीच लागतात. डोकं लांबीला बेताचं पण कपाळ रुंद, त्यामुळे तयार लगाम घेतला तर कपाळपट्टा कानामागे काचतो. पाठ गोल, म्हणून गादी एका बाजूला घसरते. मुलीने पहिला साज पोस्टाने मागवला, मधल्या मापाचा. लगाम कपाळाला घट्ट, तंग आखूड, आणि छातीपट्टा इतका वर की श्वासनळीवर यावा. तो परत गेला. दुसरा आला तो चामड्याचा नाही, कृत्रिम धाग्यावर प्लास्टिकचा थर दिलेला. मला तो पाहून वाईट वाटलं. चामड्याला तेल लावणं हा आमच्याकडे संस्कार होता. पण त्या पावसात चामडं रोज वाळवायचं कुणी? हा पाण्याने धुतला की झालं. छातीपट्टा मात्र रोज बघावा लागतो: खांद्याच्या टोकाच्या वर, श्वासनळीच्या खाली, आणि खालून सपाट हात सहज जाईल इतका सैल. जड गाडीला छातीपट्टा पुरत नाही. त्याला गळ्यातली कॉलर लागते, म्हणजे भार दोन्ही खांद्यांवर पसरतो. फ्योर्डचं डोकं रुंद, म्हणून ती कॉलर उलटी करून डोक्यावरून घालायची आणि मानेवर आल्यावर फिरवायची.

आता नियम. गाडी जोडताना लगाम आधी चढतो आणि कासरा हातात येतो. मग ओढपट्टे, मग मागचा पट्टा. सोडताना बरोबर उलटं: मागचा पट्टा, ओढपट्टे, गाडी पूर्ण बाजूला, आणि लगाम सगळ्यात शेवटी. घोडा गाडीला जोडलेला असताना लगाम काढायचा नाही. पाच सेकंदांसाठीसुद्धा नाही. आणि चालक सगळ्यांच्या आधी चढतो, सगळ्यांच्या नंतर उतरतो. आजींनी हे मला तीन वेळा सांगितलं होतं. मी तिन्ही वेळा मान हलवली होती.

2019 चा जुलै. संध्याकाळचे आठ वाजलेले, पण तिकडे त्या वेळी लख्ख उजेड. आम्ही फ्योर्डच्या काठाने सहा किलोमीटर फिरून आलो होतो. दोन चाकी गाडी, मुलगी चालवत होती, शेजारी मी, मध्ये सात वर्षांची नात. अंगणात गाडी थांबली. मुलीने कासरा माझ्या हातात दिला आणि उजव्या बाजूचं सोडायला खाली उतरली. पाठोपाठ मीही उतरून रूनाच्या डोक्यापाशी गेलो. नात गाडीतच होती. तिला रूनाला आयाळीवरून दिसतं तसं बघायला आवडायचं.

चालक आधी उतरला होता, म्हणजे एक नियम तिथेच मोडला. दुसरा मी मोडला. रूनाच्या डोळ्यांभोवती माश्या बसत होत्या, झापडांखाली घाम साचला होता, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं घासत होती. आमच्याकडे एक शिकवण हाडांत मुरलेली असते. मुक्कामाला पोचलात की आधी जनावराचं ओझं उतरवा, तंग ढिला करा, पाठ चोळा, पाणी दाखवा. स्वतःच्या चहाचं नंतर बघा. या शिकवणीला मी आयुष्यात कधी चुकलो नाही. त्या दिवशीही चुकलो नाही. मी तिचा लगाम काढला.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त पाठीमागचं थोडं आणि नाकासमोरचं थोडं सोडून. झापडं असतात ती मागची गाडी दिसू नये म्हणून. ती गेली, आणि रूनाला पहिल्यांदाच दिसलं की आपल्या मागे काहीतरी मोठं, चाकं असलेलं उभं आहे. ती एक पाऊल पुढे सरकली. तेही सरकलं. ती दचकून आणखी पुढे झाली, तेही धावलं. तिच्या दृष्टीने ते तिच्या मागे लागलं होतं. चौदा वर्षांची शांत घोडी क्षणात उधळली.

आणि मी लगाम हातात घेऊन उभा होतो. कडियाळ, झापडं, कासरा, सगळं माझ्या हातात. घोडीच्या डोक्यावर काही नाही.

पंचवीस-तीस पावलांवर फाटक होतं. घोडी फाटकातून गेली, गाडीचं डावं चाक खांबाला बसलं, दांडी मोडली आणि गाडी कलंडली. नात गवतावर फेकली गेली. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कारण आजींनी हेल्मेटशिवाय मूल गाडीत बसवायचं नाही असा दम दिला होता. मनगट मोडलं. रूनाच्या मागच्या पायाला मोडक्या दांडीने लांब जखम झाली. ती वरच्या रस्त्यावर जाऊन थांबली आणि थरथरत उभी राहिली.

दवाखान्यातून परत आलो तेव्हा आजी अंगणात तुटलेले तुकडे गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, लगाम कुणी काढला? मी म्हणालो, मी. त्यांनी मान डोलावली आणि काम चालू ठेवलं. मुलगीही काही बोलली नाही. मला वाटतं, बोलली असती तर बरं झालं असतं. नोकरीत माझ्या हाताखालच्या जवानाने असं केलं असतं तर मी त्याला काय काय बोललो असतो, ते मी त्या रात्री मनातल्या मनात सगळं ऐकून घेतलं.

मंडळी, खेचराबरोबर माणूस चालतो. त्याला माणूस दिसतो, माणसाचा हात दोरीवर असतो. गाडीच्या घोड्याला चालक दिसत नाही. त्याला फक्त आवाज कळतो आणि तोंडातल्या कडियाळावरचा हात कळतो. ते दोन्ही गेले की तो एकटा असतो, मागे चाकांचं भूत घेऊन. मी दया केली, पण मला ज्या जनावराची सवय होती त्याच्यावर करायची ती दया. समोर निराळं काम करणारं जनावर होतं.

नातीचं मनगट सहा आठवड्यांत जुळलं. रूनाच्या पायाची जखमही भरली. पण गाडी दिसली की ती घामाने निथळायची. असा घोडा पुन्हा गाडीला येईलच असं नसतं. आजी म्हणाल्या, अगदी पहिल्यापासून सुरुवात करायची, जणू ती तीन वर्षांची शिंगरू आहे. माझे नव्वद दिवस संपत आले होते. मी परतलो, पुढच्या उन्हाळ्यात येतो म्हणून. पुढचा उन्हाळा 2020 चा होता. ते साल तुम्हाला सांगायला नको.

दोन वर्षं मी महूमध्ये बसून मोबाइलवर बघत राहिलो. मुलगी आणि आजी आलटून पालटून रूनाच्या मागे चालायच्या, लांब कासरे धरून, गाडीशिवाय. महिनेच्या महिने. मग एकजण डोक्यापाशी आणि दुसरी व्यक्ती मागून जुना टायर ओढत, घोडीला न जोडता, फक्त आवाज कानावर पडावा म्हणून. मग टायर ओढपट्ट्यांना. मग नुसत्या दोन दांड्या अंगाला लागू द्यायच्या. आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा धडा. तिकडे घोड्याला थांबवताना ओठ थरथरवून "प्ट्रो" म्हणतात. माझे आजोबा बैलांसाठी जो आवाज काढायचे तो याचा चुलतभाऊ शोभेल. रूना त्या आवाजावर दगडासारखी उभी राहायला शिकली. मी फोनवर बघायचो आणि गप्प बसायचो. सल्ला द्यायचा अधिकार मी घालवला होता, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

2022 मध्ये परत गेलो तेव्हा पागेत नवा पाहुणा आला होता. बाल्डर, पाच वर्षांचा खच्ची केलेला घोडा, गाडीला कधीच न जोडलेला. घोड्याला एकटं ठेवणं बरं नाही, आणि आजींचे घोडे आता म्हातारे झाले होते, म्हणून मुलीने तो घेतला. नवीन घोडा आणला की लगेच कळपात सोडायचा नाही. पहिले काही आठवडे वेगळं कुरण. तेवढ्यात पशुवैद्य तपासून जातो, जंतांसाठी लीद तपासली जाते. मग मध्ये कुंपण ठेवून ओळख. नाकाला नाक लागतं, चित्कार होतात, पाय आपटले जातात, होऊ द्यायचं. मग मोठ्या जागेत, अडकायला कोपरा नसेल अशा ठिकाणी, कळपातल्या सगळ्यात शांत घोड्याबरोबर आधी. आणि गवताचे ढीग घोड्यांपेक्षा एक जास्त ठेवायचे: घोडे तीन असतील तर ढीग चार. म्हणजे ज्याला हाकललं जाईल त्याला जायला जागा उरते. आमच्या रेजिमेंटमध्ये नवीन आलेल्या सेकंड लेफ्टनंटला इतक्या समजुतीने कुणी वागवलं नव्हतं.

बाल्डरला गाडीचं शिक्षण देण्यात मला सामील करून घेतलं. माझं काम ठरलेलं: डोक्यापाशी उभं राहायचं. तीन उन्हाळे मी तेवढंच केलं. कासरा कुणी माझ्या हातात दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात नातीने रूनाला गाडी जोडली. ती आता माझ्या खांद्याला लागते. तिच्या आईने आणि आजींनी मिळून या घरात एक पद्धत घातली आहे. सोडताना दोन्ही बाजूंची माणसं मोठ्याने बोलतात, आणि डोक्यापाशी उभा असलेला माणूस दोन्हीकडून आवाज आल्याशिवाय लगामाला हात लावत नाही. घरात मराठी बोलतात, म्हणून तो पुकाराही मराठीत.

फिरून आलो. नात कासरा धरून वर बसलेली, बाकीचे सगळे उतरले, मी डोक्यापाशी. माश्या होत्याच. रूनाने माझ्या खांद्यावर डोकं घासलं.

"डावीकडे मोकळं," मुलगी म्हणाली.

"उजवीकडे मोकळं," जावई म्हणाला.

नात उतरली. दोघांनी गाडी मागे ओढून बाजूला नेली. मी वाट बघत होतो. नात समोर आली, गाडी किती लांब गेली ते तिने वळून पाहिलं, रूनाच्या गळ्यात म्होरकी अडकवली, आणि मग मला म्हणाली, "आबा, आता काढा."

मी काढला.

तुमच्यातले फार थोडे कधी घोडागाडी हाकतील. पण आयुष्यभर एक काम चोख केलेली माणसं इथे पुष्कळ असतील, आणि निवृत्तीनंतर मुलांच्या घरी, दुसऱ्याच्या अंगणात, आपण मदतीला पुढे होतो. जरूर व्हावं. पुढे होताना तिथल्या कामाचा क्रम आधी विचारून घ्या, आणि तीन वेळा सांगितला तर तिन्ही वेळा ऐका.